धीर देणाऱ्याची जबाबदारी

एखादा मनुष्य कठीण कामास लागला असता त्यास धीर देणे हे सत्कृत्य होय, याविषयी कोणाचे दुमत असणार नाही. परंतु तो धीर कोणत्या शब्दांनी द्यावा, आणि तो देताना आपण खरे किती बोलतो, याचा विचार फारसा होत नाही. "तू नक्की पास होशील, काळजी करू नकोस," हे वाक्य आपल्या घरांतून रोज उच्चारले जाते, आणि ते प्रेमानेच उच्चारले जाते. तथापि ज्या गोष्टीची खात्री आपणांस नाही तिची खात्री दुसऱ्यास देणे योग्य आहे काय? आणि ती खात्री न देता धीर देता येतो काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण पिंपरी, चिंचवड, भोसरी व पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात तो अनेक घरांत रोज उभा राहतो. येथील कामगारांची मुलेमुली हल्ली कायद्याच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. ज्या गावांची जमीन औद्योगिक क्षेत्रासाठी घेतली गेली तेथे सातबाऱ्यावर नाव कोणाचे, मोबदला कोणास मिळाला आणि कोणाचा राहिला, ह्या गोष्टी मुले लहानपणापासून ऐकत आली आहेत. बीड, लातूर, धाराशिव या बाजूंनी पोटासाठी आलेल्या कुटुंबांत बाप कंत्राटी कामगार असतो. भविष्यनिर्वाह निधी पगारातून कापला जातो, पण तो खात्यात भरला जातो की नाही हे त्यास कळत नाही. यंत्रात बोट गेले तर भरपाईचा अर्ज कोठे करावा, आणि ज्या कागदावर अंगठा मागितला जातो त्यात काय लिहिले आहे, हे सांगणारा घरात कोणी नसतो. अशा घरातील मुलगी "मी वकील होईन" असे म्हणते, तेव्हा त्या शब्दामागे पुष्कळ वर्षांची गरज बोलत असते. म्हणूनच घरातील सर्वांचे डोळे तिच्याकडे लागतात, आणि म्हणूनच तिला धीर देणाऱ्यांनी आपले शब्द जपून वापरले पाहिजेत.

खेड्यांतील वाचकांसाठी ह्या परीक्षांचे स्वरूप थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात कायद्याच्या महाविद्यालयांतील प्रवेशासाठी २०१६ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यात येते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो, व पदवीनंतर तीन वर्षांचा. दोहोंसाठी स्वतंत्र परीक्षा होते. प्रश्न मराठीतही वाचावयास मिळतात, आणि चुकलेल्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. दुसरी परीक्षा 'क्लॅट' या नावाने ओळखली जाते. ती २००८ मध्ये सुरू झाली, व तिच्यावरून देशातील बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. पदवीपूर्व अभ्यासक्रमासाठी ह्या परीक्षेत १२० प्रश्न १२० मिनिटांत सोडवावे लागतात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. ती इंग्रजीत होते. प्रादेशिक भाषांतही ती घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाखल झाली होती, यावरून ही अडचण एकट्या आपल्या मुलांची नव्हे हे ध्यानात येईल. लांब लांब उतारे वाचून त्यांवरील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, आणि तीही मिनिटास एक या वेगाने, हे ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र कधी आले नाही त्यास सोपे नाही.

आता ह्या अभ्यासात मन खचते ते कसे, हे पाहू. मनाचे खचणे एकाच जातीचे नसते, आणि सर्व जातींवर एकच औषध चालत नाही. पहिली जात शरीराच्या थकव्याची. ज्या खोलीत बाप रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपतो, तेथे दिवसा मोठ्याने वाचता येत नाही. रात्री तो कामावर गेला म्हणजे शेजारच्या खोलीतील टीव्हीचा आवाज भिंतीतून येतो. मुलगी भांडी घासून, पाणी भरून पुस्तक उघडते, आणि तिसऱ्या ओळीवर तिचे डोळे मिटतात. ती समजते की आपली बुद्धीच मंद आहे. वास्तविक तिला झोप हवी असते. ज्या निराशेचे कारण अपुरी झोप हे आहे, तिच्यावर उपदेशाचा काय उपयोग?

दुसरी जात तुलनेची. शिकवणी वर्गात आठवड्यास सराव परीक्षा होते व गुणांची यादी भिंतीवर लागते. मोठ्या शाळेतून आलेला मुलगा नव्वद गुण मिळवितो, आणि आपल्या मुलास बेचाळीस मिळतात. बेचाळीस हा आकडा त्याच्या मनास टोचतो. मागील महिन्यात तो चौतीस होता हे तो विसरतो. दुसऱ्याचा रस्ता कोठून सुरू झाला हे पाहिल्यावाचून आपण किती मागे आहो हे ठरविणे म्हणजे लोणावळ्याहून निघालेल्याने चिंचवडहून निघालेल्याशी पुण्यापर्यंत शर्यत लावण्यासारखे आहे.

तिसरी जात अधिक खोल आहे. प्रगती होत असते, पण ती दिसत नाही. वाचनाचा वेग हा दिवसागणिक वाढलेला दिसत नसतो. कित्येक आठवडे तो जागच्या जागी आहे असे वाटते, आणि मग एके दिवशी एक अवघड उतारा सहज वाचून होतो. ह्या मधल्या आठवड्यांत मुले अभ्यास सोडतात. त्यांस कोणी सांगितलेले नसते की ही स्थिती येणार आहे. ती येणार हे आधी ठाऊक असते, तर तिची भीती निम्मी कमी झाली असती.

अशा वेळी घरची माणसे, शेजारी, आणि मंडळीतील वडीलधारे काय करतात? ते खात्री देतात. "तू हुशार आहेस, तुझा नंबर लागणारच." मुलास क्षणभर बरे वाटते. पण त्या खात्रीचा हिशेब पुढे कोण चुकता करतो? समजा, शंभर जागा आहेत आणि चांगली तयारी केलेले उमेदवार दोनशे आहेत. मग शंभर चांगले उमेदवार घरी परतणार, हे गणितच आहे. त्यांच्यात आळशी कोणी नव्हता आणि मूर्खही कोणी नव्हता. परंतु ज्यास "तुझे होणारच" असे सांगितले होते, तो परतताना दुहेरी भार घेऊन परततो. जागा मिळाली नाही हा एक भार; आणि आपण आईबापांस खोटे पाडले हा दुसरा. पहिला परीक्षेने दिला, दुसरा आम्ही दिला. निकालाच्या दिवशी कित्येक मुले घरी येण्यास भितात, ती बहुधा ह्या दुसऱ्या भारामुळेच.

याहून गंभीर गोष्ट अशी की, कित्येक वेळा ही खात्री देवाच्या नावाने दिली जाते. "देव तुला यश देईलच," असे उपदेशकही बोलून जातात. मग मुलगा नापास झाला म्हणजे त्याच्यापुढे दोनच अर्थ राहतात. एक तर देवाने त्यास नाकारले, किंवा त्याचा विश्वास कमी पडला. दोन्ही अर्थ खोटे असून दोन्ही त्याच्या मनास जन्मभर जखम करू शकतात. परीक्षेच्या सकाळी बुद्धी स्थिर राहो, हात कापू नये, सत्याने वागण्याचे बळ मिळो, अशी प्रार्थना करणे एक. आणि निकाल काय लागणार हे देवाच्या वतीने जाहीर करणे दुसरे. ह्यातील दुसरे करण्याचा अधिकार कोणास दिलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, "आशा नसेल तर मनुष्य काम करीलच कशाला? अगदी मोजून मापून बोलू लागलो, तर मुले पहिल्याच दिवशी पुस्तक मिटतील." हा आक्षेप योग्य आहे, व त्याचे उत्तर दिले पाहिजे. आमचे म्हणणे असे की, आशा व हमी ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि खेड्यातील माणसास हा भेद शिकविण्याची गरज नाही. मावळातील शेतकरी भाताची रोपे लावतो तेव्हा त्याच्यापाशी आशा असते, हमी नसते. त्याचा शेजारी त्यास "यंदा पाऊस नक्की चांगला होईल" असे सांगून निघून गेला, तर त्यास तो शहाणा म्हणत नाही. शेजारी आपली माणसे घेऊन चिखलात उतरतो व एका दिवसात त्याची लावणी उरकून देतो. ह्या चालीस कोठे सावड म्हणतात, कोठे इरजीक. पाऊस शेजाऱ्याच्या हाती नाही. त्याचे दोन हात मात्र त्याच्या हाती आहेत, आणि तेवढेच तो देतो. त्या दोन हातांनी शेतकऱ्याची आशा वाढते, आणि एक शब्दही खोटा बोलावा लागत नाही.

ह्यावरून आम्हांस नियम असा दिसतो की, धीर देताना आपल्या हाती असलेल्या गोष्टीचेच वचन द्यावे. जागा मिळेल हे वचन आपल्या हाती नाही. पण रात्री नऊनंतर घरात आवाज होणार नाही, हे वचन आपल्या हाती आहे. परीक्षेपूर्वीचे दोन महिने पाणी भरण्याचे काम भाऊ करील, हे आपल्या हाती आहे. अर्जाचे पैसे व परीक्षेच्या केंद्रापर्यंतचे भाडे वेळेवर बाजूस ठेवणे आपल्या हाती आहे. रविवारी उपासना झाल्यावर देवळाची खोली दिवसभर अभ्यासिका म्हणून उघडी ठेवणे मंडळीच्या हाती आहे. तीस खर्च एका दिव्याचा व एका पंख्याचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट, निकाल काहीही लागो, तुझे आमच्या घरातील स्थान बदलणार नाही, हे वचन तर पूर्णपणे आपल्याच हाती आहे.

कायद्याच्या शिक्षणाच्या इतिहासात ह्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ साली नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पदवीच्या परीक्षेत असे गुण मिळविले की पुरुष विद्यार्थी असता तर त्यास विलायतेच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. त्या स्त्री असल्यामुळे ती त्यांस नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील काही स्नेह्यांनी पैसे जमविले. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्ड येथे गेल्या, आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या वरिष्ठ परीक्षेस बसल्या. तोपर्यंत कोणतीही स्त्री त्या परीक्षेस बसलेली नव्हती, म्हणून विद्यापीठास खास ठराव करावा लागला. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या; पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांस पदवी देण्याचा नियमच नव्हता. तो १९२० मध्ये झाला. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली, आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण केली. तरी न्यायालयाचे दार उघडले नाही. स्त्रियांस वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला, तेव्हा त्या छप्पन वर्षांच्या होत्या.

ही कथा सांगताना बहुतेक लोक शेवटास येऊन थांबतात व म्हणतात, "पाहा, चिकाटीचे फळ मिळाले." आम्हांस ही कथा मधल्या भागासाठी मोलाची वाटते. १८९२ मध्ये त्यांस कोणी "तुम्हांस वकिलीची सनद मिळणारच" असे सांगितले असते, तर ते तीस वर्षे खोटेच ठरत राहिले असते. ज्या स्नेह्यांनी त्यांस मदत केली त्यांनी पैसे दिले, राहण्याची सोय पाहिली, अधिकाऱ्यांस पत्रे लिहिली. म्हणजे जे त्यांच्या हाती होते ते दिले. आणि कॉर्नेलियाबाईंनी काय केले? सनदेची वाट पाहत त्या बसून राहिल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या विधवा व अल्पवयी वारस यांच्या मालमत्तेचे कज्जे पाहण्यासाठी १९०४ मध्ये त्यांची बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे कायदेविषयक सल्लागार म्हणून नेमणूक झाली, आणि त्या जागेवरून त्यांनी शेकडो स्त्रियांचे हक्क राखले. दार बंद असताही त्यांचे ज्ञान कोणाच्या तरी उपयोगी पडतच होते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. लंडनच्या ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी त्यांनी १९१६ मध्ये नाव दाखल केले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. आणि १९२० मध्ये ते पुनः लंडनास गेले. तेथील डॉक्टरेटसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंधही पहिल्या वेळी तसाच स्वीकारला गेला नाही. तो सुधारून पुनः द्यावा लागला, व १९२३ मध्ये पदवी मिळाली. ज्यांनी पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्यांचा अभ्यास पैशावाचून तीन वर्षे थांबला होता, हे आमच्या मुलांनी लक्षात ठेवावे. आणि त्या थांबलेल्या अभ्यासास मित्राचे कर्ज कामास आले, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता जे परीक्षेची तयारी करीत आहेत त्यांसही दोन शब्द. वर जो नियम सांगितला तोच तुम्ही स्वतःशीही पाळावा. "मी यंदा पहिल्या शंभरात येईन" असे स्वतःस वचन देऊ नका. ते तुमच्या हाती नाही. "मी रोज इंग्रजीतील एक अग्रलेख शब्दकोश घेऊन वाचीन, आणि सराव परीक्षेतील प्रत्येक चूक वहीत कारणासह लिहीन" असे वचन द्या. चुकीचे कारण लिहिले म्हणजे दिसून येते की, अमुक चूक शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे झाली, अमुक घाईमुळे, आणि अमुक खरोखरच माहीत नसल्यामुळे. तीन कारणांचे उपाय तीन आहेत. महिन्याच्या शेवटी वही चाळून पाहा. तुमची प्रगती भिंतीवरील यादीत दिसत नसेल, पण त्या वहीत दिसेल. आणि सहा तास झोप घ्या. झोप चोरून केलेला अभ्यास सकाळी उरत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, ती ही की, यंदा जमले नाही तर काय करावयाचे. असा विचार केल्याने उत्साह कमी होतो असे कित्येकांस वाटते, पण आमच्या मते त्याने भय कमी होते. क्लॅटमध्ये न जमले तर राज्याची परीक्षा आहे. बारावीनंतर न जमले तर कोणतीही पदवी घेऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दार आहे. ह्या दोन्ही परीक्षांस वयाची वरची मर्यादा नाही. म्हणून चाकणच्या कारखान्यात काम करीत पदवी मिळविलेला चाळीस वर्षांचा बापही आपल्या मुलीच्या शेजारी बसून अर्ज भरू शकतो. दार एकच आहे असे वाटले म्हणजे त्यापुढे पाय लटपटतात.

आणि समजा, कोणतेच दार उघडले नाही, तर हे सर्व कष्ट पाण्यात गेले काय? ज्या मुलीने वर्षभर उतारे वाचून त्यांतील मुद्दा कोणता व दावा कोणता हे ओळखण्यास शिकले, ती आता बापाचे पगारपत्रक वाचू शकते. गावातील आजीस आलेल्या नोटिशीत उत्तर देण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे ती सांगू शकते. वकिली करण्यास सनद लागते. पण कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे सांगण्यास सनद लागत नाही. हे बोलून आम्ही अपयशास गोड करू पाहत नाही. अपयश कडूच असते, आणि मुलगी रडली तर तीस रडू द्यावे. परंतु जे तिने मिळविले आहे ते गुणपत्रिकेवर लिहिलेले नाही एवढ्यावरून ते मिळालेच नाही असे समजू नये, व तीस समजू देऊ नये.

शेवटी आईबापांस व मंडळीच्या वडिलांस आमची एक विनंती आहे. निकाल लागण्यापूर्वीच, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री, आपण निकालाच्या दिवशी पहिले वाक्य कोणते बोलणार हे ठरवून ठेवा. निकाल हाती आल्यावर माणूस विचारपूर्वक बोलत नाही. आनंदात वा दुःखात जे तोंडास येईल ते बोलतो, आणि मुले ते पहिले वाक्य कधी विसरत नाहीत. ते वाक्य असे असावे की, जागा मिळाली तरी खरे ठरेल व न मिळाली तरी खरे ठरेल. "ये, जेवण वाढले आहे, मग आपण पुढचे ठरवू," एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.